तसबिरीला हार, कागदांना रद्दीवाला

नोव्हेंबर हा महिना ख्रिस्तसभेने मृतांच्या स्मरणासाठी राखून ठेवला आहे. दोन तारखेला दफनभूमीत मेणबत्त्या लागतात, कबरी धुतल्या जातात, फुलांनी झाकल्या जातात आणि पुढे महिनाभर वेदीवरून नावे वाचली जातात. मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथाच्या बाराव्या अध्यायापर्यंत मागे जाणारी ही परंपरा आहे आणि तिच्याविषयी आम्हांला एक शब्दही उणा बोलायचा नाही. आम्हांला बोलायचे आहे ते निराळ्या स्मरणाविषयी. स्थानिक इतिहास व पुरातत्त्व यांच्या अभ्यासाला वाहिलेल्या लहानमोठ्या मंडळांचे सभासद एकेक करून काळाच्या पडद्याआड जातात, तेव्हा समाज म्हणून आपण त्यांचे जे स्मरण करतो, त्याविषयी. आमचे म्हणणे स्पष्ट आहे. ते स्मरण नव्हे. ते सभ्य भाषेत केलेले विस्मरण होय.

अशी शोकसभा कशी होते, हे वाचकांना सांगायला नको. व्यासपीठावर तसबीर, तिला टपोऱ्या फुलांचा हार, पुढे मेणबत्ती किंवा समई. पहिला वक्ता म्हणतो, कधीही भरून न येणारी पोकळी निर्माण झाली. दुसरा म्हणतो, ते चालतेबोलते ज्ञानकोश होते. तिसऱ्याला वेळ अपुरा मिळतो, म्हणून तो मृताच्या साध्या राहणीच्या दोन गोष्टी सांगून खाली बसतो. एखाद्या सभागृहाला किंवा चौकाला नाव देण्याचा ठराव एकमताने संमत होतो, दोन मिनिटे शांतता पाळली जाते आणि मंडळी पांगतात. त्या तास-दीड तासात, या माणसाने नेमके काय शोधले, कोणता शिलालेख वाचला, कोणती सनावळी दुरुस्त केली, कोणता प्रश्न अर्ध्यावर टाकून त्याला जावे लागले, यांपैकी एकाही गोष्टीचा उच्चार होत नाही. वर्षभरात त्याचे जुने घर इमारतीसाठी पाडायला निघते. माळ्यावरची पेटी खाली येते. तिच्यात मोडी कागद असतात, टिपणवह्या असतात, कबरीवरील लेखांचे ठसे असतात. ते कोणाला वाचता येत नाहीत, म्हणून रद्दीवाला किलोच्या भावाने घेऊन जातो. शोकसभेत ज्याला ज्ञानकोश म्हटले, त्याची पाने दुसऱ्या दिवशी पुड्या बांधायला लागतात!

ही अतिशयोक्ती आहे, असे ज्यांना वाटेल त्यांनी आपल्या आळीतील जुन्या घरांची विचारपूस करावी.

ही माणसे कोण होती?

विशेषणांनी झाकलेली ही माणसे प्रत्यक्षात काय करीत होती, हे आधी पाहू. उदाहरणे दूरची नकोत. आपल्याच उत्तर कोकणाची घेऊ.

एप्रिल १८८२ मध्ये सोपाऱ्याच्या ज्या टेकाडाला लोक बुरूड राजाचा कोट म्हणत, ते पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी खणले. आत बौद्ध स्तूप निघाला. त्याच्या पोटातील दगडी पेटीत तांब्याचा करंडक, त्याच्याभोवती बुद्धांच्या आठ मूर्ती, आणि तांब्याच्या आत चांदी, दगड, स्फटिक व सोने अशा एकात एक बसवलेल्या डब्या होत्या. अगदी आतल्या डबीत भिक्षापात्राचे म्हणून जपलेले तुकडे होते. त्याच वर्षी सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. पुढे १९५६ साली नवव्या शिलालेखाचा तुकडा भुईगावात उजेडात आला. तोच भुईगाव, जिथे आज रविवारी मिस्साची घंटा वाजते. भगवानलाल हे जुनागडचे. ते गुजरातीत लिहीत आणि त्यांचे निबंध इतर विद्वान इंग्रजीत उतरवीत. १८८८ साली ते वारले, तेव्हा आपली हस्तलिखिते त्यांनी रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेला दिली आणि ती आपले गुरू डॉ. भाऊ दाजी यांच्या संग्रहाशेजारी ठेवावीत, अशी इच्छा व्यक्त केली. शिष्याने गुरूचे स्मरण कसे करावे, याचा याहून बोलका धडा कोणता? हार नाही, चौक नाही, कागदांशेजारी कागद.

त्याच संस्थेच्या परंपरेतले डॉ. जुझे जेर्सन द कुन्हा. जन्म १८४४ साली गोव्यातील हडफडे गावी, व्यवसायाने वैद्य. रोग्यांच्या नाड्या पाहता पाहता त्यांनी चौल व वसईच्या इतिहासाचा आणि अवशेषांचा ग्रंथ १८७६ साली सिद्ध केला. पुढच्याच वर्षी सह्याद्रिखंडाची संहिता संपादून छापली. मुंबईच्या उत्पत्तीवरील त्यांचा ग्रंथ १९०० साली आला आणि त्याच वर्षी ते गेले. वसईच्या किल्ल्यातून फिरणारा आजचा वाटाड्या जे काही सांगतो, त्यातले पुष्कळसे शेवटी त्यांच्या ग्रंथापर्यंत जाऊन पोचते. परंतु वाटाड्याला त्यांचे नाव माहीत नसते.

मग वांद्र्याचे ब्राझ फर्नांडिस. बॉम्बे हिस्टॉरिकल सोसायटीचे हे अथक कार्यकर्ते. वांद्र्याचा धार्मिक व लौकिक इतिहास त्यांनी १९२७ साली लिहिला. सोसायटीतर्फे भारतीय इतिहासावरील प्रकाशनांची वार्षिक सूची करण्याचे रुक्ष काम अंगावर घेतले. असे काम, की ज्याचा उपयोग सारे करतात आणि ज्याचे आभार कोणी मानत नाही. वसईच्या किल्ल्यातील राजचिन्हे व शिलालेख यांवरील त्यांचा ग्रंथ १९५७ साली लिस्बनमध्ये पोर्तुगीज भाषेत प्रसिद्ध झाला. किल्ल्यातील फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीत बसवलेल्या कबरीवरील शिळा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या कामाचे मोल कळेल. पावसाने आणि पावलांनी अक्षरे झिजत जातात. उद्या एखादी शिळा पुरती कोरी झाली, तर त्या मृताचे नाव दगडावर नसेल. असले तर पुस्तकात असेल. मृतांचे स्मरण म्हणजे काय, हे ब्राझ फर्नांडिस यांनी व्याख्यान देऊन सांगितले नाही. गुडघे टेकून नक्कल करून घेऊन सांगितले.

आणि येशूसंघीय फादर हेन्री हेरास. बार्सिलोनात १८८८ साली जन्मलेले, १९२२ साली मुंबईस आलेले. सेंट झेवियर महाविद्यालयात कोणता इतिहास शिकवाल, असे विचारले असता, भारताचा, असे ते म्हणाले. त्याविषयी तुम्हांला काय ठाऊक आहे, या प्रश्नाला त्यांचे उत्तर होते की काही नाही, पण अभ्यास करीन. ही गोष्ट सांगोवांगी सांगितली जाते. परंतु पुढचे सांगोवांगीचे नाही: १९२६ साली त्यांनी भारतीय इतिहास संशोधन संस्था उभारली, पुढच्या वर्षी विजयनगरच्या आरविडू घराण्यावर ग्रंथ लिहिला, आणि १९५५ साली निधन होईपर्यंत ग्रंथ, नाणी व मूर्ती गोळा करीत राहिले. आज ती संस्था त्यांच्या नावाने ओळखली जाते.

आमचे तीन आक्षेप

आमचा पहिला आक्षेप असा, की आपण संशोधकांची वाटणी जातीधर्मावर करतो. हा आमचा, तो त्यांचा. कॅथॉलिक मंडळी हेरासांचे नाव घेतात, इतर राजवाड्यांचे घेतात, आणि एकमेकांच्या मृतांच्या सभेला कोणी जात नाही. परंतु या माणसांनी स्वतः काय केले ते पाहा. हिंदू भगवानलालांनी बौद्ध स्तूप उकलला. कॅथॉलिक द कुन्हांनी सह्याद्रिखंड संपादले. स्पेनच्या येशूसंघीयाने विजयनगरचे राजघराणे अभ्यासले. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी १९२४ साली माहिकावतीची बखर प्रसिद्ध केली. उत्तर कोकणातील आपल्या पूर्वजांच्या गावांचा, कुळांचा व वस्त्यांचा जो मागोवा तिच्यातून लागतो, तो आपल्या चर्चच्या दप्तरातून लागत नाही; कारण तिचा जुना भाग पंधराव्या शतकातला आहे, आपल्या दप्तराच्या आधीचा. एखाद्या कॅथॉलिक कुटुंबाला आपले कूळ शोधायचे असेल, तर राजवाड्यांचे ऋण टाळून पुढे जाता येणार नाही. मग त्यांचे स्मरण आपल्या धर्मग्रामात का होऊ नये?

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. आपण मृत संशोधकाचे सोयीचे तेवढेच आठवतो. प्रा. अ. का. प्रियोळकर हे याचे ठळक उदाहरण. भारतात छपाई १५५६ साली गोव्यात येशूसंघीयांच्या विद्यालयात सुरू झाली, हा इतिहास त्यांनी १९५८ च्या आपल्या ग्रंथात साधार मांडला, तेव्हा आपल्याला धन्य वाटले. मिशनऱ्यांच्या मराठी ग्रंथांविषयी त्यांनी लिहिले, तेव्हा आपण त्यांची वाक्ये स्मरणिकांतून छापली. परंतु १९६१ साली त्यांनी गोव्याच्या इन्क्विझिशनवर ग्रंथ लिहिला, तेव्हा तोच प्रियोळकर आपल्याला परका झाला. १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली थोडी वर्षे सोडता, ते न्यायासन गोव्यात होते, हे नाकारून चालेल काय? त्यांच्या मांडणीशी मतभेद असू शकतील. ते कागद समोर ठेवून मांडावेत. पण न वाचता नाक मुरडणे हा मतभेद नव्हे. पोप तेरावे लिओ यांनी १८८१ साली व्हॅटिकनची दप्तरे अभ्यासकांना खुली केली आणि १८८३ च्या आपल्या पत्रात बजावले, की इतिहासकाराने असत्य सांगण्यास धजू नये आणि सत्य सांगण्यास कचरू नये. पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००० सालच्या उपवासकाळात ख्रिस्तसभेच्या लेकरांनी केलेल्या अपराधांबद्दल जाहीर क्षमायाचना केली. पोपमहोदयांना जे पेलले, ते आपल्या धर्मग्रामाच्या वाचनालयाला पेलू नये काय?

याचीच दुसरी बाजू म्हणजे मृताची चूक झाकणे. फादर हेरास यांनी सिंधू संस्कृतीची लिपी उकलल्याचा दावा केला आणि १९५३ साली त्यावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. ते वाचन विद्वानांनी स्वीकारले नाही. राजवाड्यांच्या कितीतरी व्युत्पत्ती आज कोणी ग्राह्य धरत नाही. हे सांगितल्याने हेरास किंवा राजवाडे लहान होतात काय? मुळीच नाही. संशोधकाची चूक दाखवणे म्हणजे त्याने सुरू केलेला संवाद पुढे चालू ठेवणे. त्याला निर्दोष ठरवून देव्हाऱ्यात बसवले, की त्याच्याशी कोणी बोलत नाही.

तिसरा आक्षेप कागदांचा, आणि तोच आम्हांला सर्वांत गंभीर वाटतो. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली छापून निघाले. पुढे १६४९ व १६५४ साली पुन्हा छापले गेले. या तिन्ही आवृत्त्यांपैकी एकीचीही प्रत आज आढळात नाही. मग मराठीचे हे लेणे वाचले कसे? ते वाचले हस्तलिखित प्रतींमुळे. गोव्याहून दक्षिणेकडे गेलेल्या कॅथॉलिक कुटुंबांनी ते हाताने उतरून ठेवले, वाचले, गायले, पेट्यांतून सांभाळले. अशा हस्तलिखितांवरून १९०७ साली मंगळुरात जे. एल. सालढाणा यांनी त्याची आवृत्ती काढली, आणि १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी ते देवनागरीत आणून महाराष्ट्राच्या हाती दिले. छापखाना हरला आणि घरातली पेटी जिंकली! ज्या कुटुंबांनी त्या पोथ्या सांभाळल्या, त्यांच्यापैकी सर्वांनाच त्यांचे वाङ्मयीन मोल कळले असेल असे नाही. त्यांनी फक्त टाकून दिल्या नाहीत. आज आपली मुले पदवीधर आहेत, परदेशी आहेत, आणि आपण टाकून देतो.

काही शंका

इथे काही वाचक म्हणतील, की धर्मगुरूने आत्म्यांची काळजी वाहावी. जुन्या कागदांची काळजी वाहणे हे त्याचे काम नव्हे. या शंकेला उत्तर देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. ख्रिस्तसभेच्या धर्मविधिसंहितेतील ५३५ वा नियम सांगतो, की प्रत्येक धर्मग्रामात स्नानसंस्कार, विवाह व मृत्यू यांच्या नोंदवह्या असाव्यात, त्यांसाठी दप्तर असावे आणि जुन्या वह्या काळजीपूर्वक जतन कराव्यात. ख्रिस्तसभेच्या सांस्कृतिक ठेव्यासाठी नेमलेल्या व्हॅटिकनच्या आयोगाने २ फेब्रुवारी १९९७ रोजी जे परिपत्रक काढले, त्याचा विषयच मुळी दप्तरखान्यांचे पाळकीय कार्य हा आहे. तेव्हा कागद आणि आत्मा यांची फारकत आपण केलेली आहे, ख्रिस्तसभेने नव्हे. स्नानसंस्काराच्या वहीतील एकेक ओळ म्हणजे देवाने नावाने हाक मारलेला एकेक जीव. तिला वाळवी लागू देणे ही केवळ प्रशासकीय हयगय म्हणता येईल काय?

दुसरी शंका अशी, की आपला समाज शेतकऱ्यांचा, मच्छीमारांचा, नोकरदारांचा. त्याच्यापाशी संशोधनाला वेळ कुठला? हे ऐकायला बरे वाटते. परंतु द कुन्हा रोगी तपासून लिहीत होते, आणि ज्या पंडिताला शेवटपर्यंत इंग्रजीत निबंध लिहिणे जमले नाही, त्याने सोपारा जगापुढे आणले. वेळ नाही म्हणणारा हाच समाज हळदीसाठी, लग्नासाठी, सणांच्या रोषणाईसाठी आठवडेच्या आठवडे काढतो. आम्हांला सणांचा राग नाही. आम्ही एवढेच म्हणतो, की वेळ नाही हे कारण खरे नाही. खरे कारण हे, की या कामातून मिरवता येत नाही.

तिसरी शंका नम्र आहे, म्हणून तिचा मान राखला पाहिजे. कोणी म्हणेल, थोरामोठ्यांचे ठीक. पण आमच्या गावातला जो शिक्षक दोन वह्या भरून वारला, त्याचे काय स्मरण करायचे? बेन सिराच्या ग्रंथाच्या ४४ व्या अध्यायात पूर्वजांची थोरवी गायली आहे, ती सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्याच अध्यायात अशांचाही उल्लेख आहे, ज्यांची आठवणही मागे उरली नाही. स्थानिक इतिहास उभा राहतो तो मुख्यतः या दुसऱ्या प्रकारच्या माणसांवर. विहिरींची नावे, शेतांची नावे, कोणत्या क्रुसाजवळ कोणती साथ थांबली म्हणून नवस फेडला जातो, कादोडी बोलीतला एखादा विस्मृत शब्द: हे कोणत्याही विद्यापीठात मिळणार नाही. ते त्या दोन वह्यांतच आहे.

मग करावे काय?

टीका करून थांबणे सोपे. म्हणून चार गोष्टी सुचवतो. पहिली: मंडळाचा सभासद निवर्तला, की शोकसभेत एका वक्त्याने त्याच्या कामाचीच यादी वाचावी. काय लिहिले, काय जमवले, काय सिद्ध केले, कुठे चुकले, काय अपुरे राहिले. ती यादी छापावी आणि अपुऱ्या प्रश्नांपैकी एक तरी कोणीतरी त्याच सभेत स्वीकारावा. दुसरी: कुटुंबाचे सांत्वन करायला जाणाऱ्यांनी कागदांची चौकशी करावी. घर पाडण्यापूर्वी पेटी उघडावी, मोडी जाणणाऱ्याला दाखवावी, आणि जे घरात ठेवणे शक्य नसेल ते जबाबदार संस्थेकडे पोचपावती घेऊन द्यावे. तिसरी: चर्चची जमीन बदलताना, फरश्या घालताना, जुन्या शिळा उखडण्याआधी प्रत्येक अक्षराचे छायाचित्र घ्यावे. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. ब्राझ फर्नांडिस यांच्या पिढीजवळ तो तसा नव्हता. चौथी: धर्मग्रामाच्या जुन्या वह्या ओलीपासून, वाळवीपासून आणि वाटेल त्याच्या हाताळणीपासून दूर ठेवाव्यात, त्यांची प्रतिमुद्रा करून घ्यावी आणि खऱ्या अभ्यासकाला त्या अदबीने दाखवाव्यात. दप्तर कुलुपात कुजवणे ही राखण नव्हे.

हे अशक्य आहे काय? राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले. तो माणूस फटकळ. पुण्यात १९१० साली स्वतः सहसंस्थापक म्हणून उभारलेल्या भारत इतिहास संशोधक मंडळापासूनही पुढे दुरावलेला. धुळेकरांनी त्याच्या नावाने केवळ अश्रू ढाळले नाहीत. १९२७ साली राजवाडे संशोधन मंडळ उभे केले, त्याचे दप्तर सांभाळले, पुढे 'संशोधक' हे नियतकालिक चालवले. पुण्याच्या मंडळात ग. ह. खरे यांनी आयुष्य वेचले, फार्सी साधनांचे खंड मागे ठेवले आणि नवशिक्यांसाठी 'संशोधकाचा मित्र' नावाचे पुस्तक लिहून ठेवले. आपल्यानंतर येणाऱ्याला काय लागेल, याचा विचार त्यांनी जिवंतपणीच केला. एका जिल्ह्याच्या गावाला १९२७ साली जे जमले, ते आज आपल्या सुशिक्षित, सुस्थित धर्मग्रामांना जमत नसेल, तर उणीव साधनांची नाही.

शेवटची सूचना धर्मगुरू या नात्याने करतो, आणि ती काहींना खटकेल हे जाणून करतो. येत्या मृतस्मरण महिन्यात मिस्साच्या उद्देशांत या संशोधकांची नावे घालावीत. केवळ हेरास आणि द कुन्हा यांचीच नव्हे. भगवानलालांचे, राजवाड्यांचे, प्रियोळकरांचेही. ज्यांची श्रद्धा केवळ परमेश्वरालाच ठाऊक होती, त्या मृतांसाठीही ख्रिस्तसभा वेदीपाशी प्रार्थना करते. तेव्हा यात नवे काहीच नाही. सोपाऱ्याच्या या मातीत १३२१ साली ठाण्यास रक्त सांडलेल्या फ्रान्सिस्कन हुतात्म्यांचे देह फादर जॉर्डनस यांनी आणून पुरले होते. त्याच मातीतून पाचशे साठ वर्षांनी भगवानलालांनी बुद्धाचे करंडक काढले. मातीने कोणाला परके मानले नाही.

मात्र मिस्साहून घरी गेल्यावर माळ्यावर चढावे. तिथे एखादी पेटी असेल. ती उघडल्याशिवाय त्या प्रार्थनेचा उत्तरार्ध म्हटला गेला, असे आम्ही मानणार नाही.